शिंगाची मुळाकडची बाजू

परतवाड्याच्या घरातून मी निघालो त्या सकाळी बाबांनी माझी बॅग उघडली. आईने दोन दिवस खपून भरलेली, वजन करून चेन लावलेली बॅग. बाबा वनरक्षक. मेळघाटच्या नाक्यावर तीस वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासल्या, तर मुलाची कशी सोडतील? स्वेटरच्या घडीतून त्यांनी वीतभर लांबीचं चितळाचं शिंग बाहेर काढलं. शाळेतल्या मित्राने दिलेलं, इतकी वर्षं मी लपवून ठेवलेलं. त्यांनी ते उलटं केलं, मुळाशी चिकटलेल्या हाडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे गळेल नाही. मारेल हाय." म्हणजे आपोआप गळून पडलेलं नाही, जनावर मारून काढलेलं; गळलेल्या शिंगाला कवटीचं हाड चिकटलेलं नसतं.

"मी थोडंच मारलंय? मी फक्त ठेवलंय."

"ठेवनारा भेटते म्हनूनच मारनारा मारते," म्हणाले आणि शिंग घेऊन बाहेर गेले. मुलगा सिडनीला निघालाय आणि या माणसाला हाडाच्या तुकड्याची पडली आहे! मला त्यांची कीव आली, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगायचो. कीव कसली, तिरस्कार होता तो.

परतवाड्याच्या मित्रांनो, तुमच्यापैकी जे गावी राहिले त्यांना मी इथे नेमकं काय करतो ते कधी सांगितलं नाही. आयटी म्हटलं की भागतं. जे माझ्यासारखे सिडनीच्या गिरावीन उपनगरात येऊन टेकले ते विचारतही नाहीत. घर चार बेडरूमचं की पाच, एवढंच त्यांना मोजायचं असतं. तर आता सांगून टाकतो. करोनाच्या काळात घरी बसून मी शिकाऱ्यांसाठी ॲप बनवत होतो. मारलेल्या हरणाचा फोटो टाकायचा, शिंगांची टोकं मोजायची, जगभरच्या शिकाऱ्यांत आपला नंबर बघायचा. माझ्याकडे मोजणीचा फॉर्म आला होता. एक चौकोन, त्यात टोकं किती ते लिहायचं. अर्ध्या दिवसाचं काम.

ते तीन महिने चाललं. आमचा मॅनेजर ग्रेग इथल्याच गोलबर्न गावाकडचा, स्वतः शिकारी. तो दोन्ही शिंगांची टोकं मोजायचा. आमच्या अमेरिकेतल्या टीममधला मोंटानाचा टॉड एकाच बाजूची मोजायचा, म्हणजे ग्रेगचं आठ टोकांचं हरण टॉडकडे गेलं की चार टोकांचं. त्याच टीममधला पेनसिल्व्हेनियाचा ब्रायन दोन्ही बाजू मोजायचा, वर जिच्यावर अंगठी अडकेल अशी प्रत्येक गाठही टोक म्हणून धरायचा. टॉड म्हणे, इंचभर लांब नसेल तर ते टोकच नव्हे. ग्रेग मग सांबराकडे वळायचा. सांबरं इथे व्हिक्टोरियाच्या डोंगरांत आहेत, गोऱ्यांनी कधीकाळी जहाजातून आणून सोडलेली. सांबराला बहुधा सहाच टोकं, मोजण्यासारखं काही नाही, म्हणून यांनी तिथे टेप काढली आणि लांबी मोजायला घेतली. चाळिशी उलटलेले तीन बाप्ये, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर एक मुंडकं, आणि भांडण कशावरून, तर मेलेल्या जनावराची शिंगं कुठल्या गावच्या रीतीने मोजायची. मी कॅमेरा बंद करून हसायचो. "नो वरीज मेट, दोन्ही ऑप्शन देतो," एवढंच बोलायचो.

अशाच एका मीटिंगमध्ये आईचा फोन आला. दुसरी लाट होती, बाबांचा ताप चार दिवस उतरत नव्हता. इथली सीमा बंद, तिथे दवाखान्यात खाट नाही. मी स्वतःला म्यूट करून आईशी बोलत होतो आणि दुसऱ्या कानात ब्रायन अंगठीचा नियम समजावत होता. त्या क्षणी त्या तिघांचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. तरी मीटिंग सोडली नाही. बाबा बरे झाले. फॉर्मही झाला.

ॲप सुरू झाल्यावर ग्रेगने कुरिअरने भेट पाठवली. खोक्यात सांबराचं एकच शिंग, हातभर, आणि चिठ्ठी: ही घे टॉडची बाजू. मुलगी नाचत आली. "बाबा, इज इट अ थ्री ऑर अ सिक्स?" फॉर्मची चाचणी मी तिच्याकडूनच करून घेतली होती, त्यामुळे तिला सगळ्या रीती पाठ. मी ते शेल्फवर ठेवलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना ते दिसलं. आजारपणाने माणूस अर्धा झाला होता, नजर तेवढी नाक्यावरचीच.

"मांगं सांबराचं शिंग हाय का? गळेल हाय का मारेल?"

"गळलेलं आहे, बाबा."

"उलटं कर बरं."

मी आवाज तुटतोय म्हणालो आणि फोन ठेवला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, टीम लीड, घाबरून फोन ठेवतो. ग्रेग, टॉड, ब्रायन निदान आपण काय करतो ते भिंतीवर टांगून दाखवत होते.

पुढच्या रविवारी मीच फोन लावला. शिंग घेतलं आणि बुडखा कॅमेऱ्यासमोर धरला. गळलेल्या शिंगाचं बूड खडबडीत, थोडं फुगीर असतं. हे सपाट होतं, करवतीच्या रेघा दिसत होत्या. बाबा स्क्रीनजवळ सरकले. मागे आईच्या कुकरची शिट्टी झाली.

"मारलं कोनं?"

"ऑफिसातल्या एकाने. शिंगं मोजायचं ॲप आहे आमचं."

"आन मोजलं कोनं?"

मी थोडंच मारलंय, हे वाक्य अगदी ओठांवर आलं. इतक्या वर्षांत ते तिळभर बदललं नव्हतं.

"मी," म्हणालो.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "जेवला का?" त्यांनी विचारलं.

शिंग आता गॅरेजमध्ये आहे, उलटं, बूड वर करून. पाहुणे विचारतात, टोकं किती? मी आकडा सांगत नाही. कुणी घर कुठलं विचारलं, तर तोंडातून गिरावीन येतं. पण माझी बॅग उघडून बघणारा माणूस परतवाड्यात आहे, आणि तो आहे तोवर माझं घर तिथे आहे.