गेटपासच्या सरकलेल्या चौकटी

भुताखेतांच्या गोष्टींवर मी कधी हसलोही नाही. बातमीदारीत त्या सरळ वगळायच्या असतात. त्यामुळे हे लिहिताना अवघड वाटतंय. जे समोर घडलं, तेवढंच सांगतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य. माझ्या बायकोचा भाऊ सुधीर रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टेम्पररी क्लार्क होता. मालाच्या गाड्यांचे गेटपास हातानं भरण्याऐवजी कॉम्प्युटरवर छापायचं ठरलं आणि सॉफ्टवेअर निवडायचं काम त्याच्याकडे आलं. निवड जमली की पर्मनंट, असं साहेबांनी सांगितलं होतं.

कोरे फॉर्म पेणच्या छापखान्यात छापले जात. मी पेणचाच, सॉफ्टवेअरच्या डेमोच्या सकाळी नवा गठ्ठा मीच उचलला. छपाईच्या खिळ्यांची जुळणी सैल राहिली होती – गाडी नंबरची चौकट खाली, वजनाची उजवीकडे. मशीनवरचे दामूशेठ म्हणाले, "चालतंय हो! पेनानीच भरायचं हाय ना?"

"आता कॉम्प्युटर भरणार."

"मंग त्याला सांगा, जरा बघून भर!"

वेळ नव्हता. एसटीत गठ्ठा माझ्या मांडीवर होता.

विक्रेते दोन. दोघांकडे जुन्याच फॉर्मचा नमुना. पहिल्याची अक्षरं चौकटींबाहेर पडली – पडणारच. दुसऱ्यानं फ्लॉपीचं सील आमच्यासमोर फोडलं. प्रिंटर करकरला... गाडी नंबर, माल, वजन – प्रत्येक अक्षर आपापल्या सरकलेल्या चौकटीत.

विक्रेताच आधी गोंधळला. "साहेब, मापं जुनीच टाकलीयत." स्क्रीनवर पाहिलं, जुनीच होती. त्याच गठ्ठ्यातला दुसरा फॉर्म लावला – अक्षरं बाहेर. तिसरा लावला... बाहेरच. कागद तिरका लागला म्हणावं, तर एक चौकट खाली आणि दुसरी उजवीकडे कशी साधेल?

साहेबांनी सुधीरकडे पाहिलं. "नवा फॉर्म याला आधी कोणी दाखवला?"

"गठ्ठा माझ्याकडे होता," मी म्हणालो.

"तुम्ही घरचेच ना यांच्या?"

पहिलं सॉफ्टवेअर घेतलं गेलं. सुधीर पर्मनंट झाला नाही. दामूशेठ आणि तो विक्रेता, दोघांकडे मी खोदून चौकशी केली. ओळख सोडाच, एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

रोह्याच्या स्टँडवर सुधीरनं विचारलं, "भावोजी, फॉर्म तुमच्याशिवाय कोनाकडं नव्हता. खरं सांगा."

"नाही दाखवला."

"मंग मी तरी कुठं दाखवला?"

तेव्हापासून तो पेणला आला की बहिणीशी बोलतो, माझ्याशी कामापुरतं. बायको परवा म्हणाली, "तुम्हीच दाखवलात असं सांगून टाका ना... निदान त्याच्या डोक्यातून तो विषय तरी जाईल."

सांगायला माझी हरकत नाही. पण कधी दाखवला, असं त्यानं विचारलं, तर कुठली वेळ सांगू? गठ्ठा तर सबंध वाटेत माझ्या मांडीवरच होता.