उभी भिंत

लग्न होऊन किल्ल्याला टेकलेल्या या घरात आले, तेव्हा रूप बरं होतं, अक्कल यायची होती. घरापुढच्या खळ्यासमोरच सरकारी निळी पाटी: 'संरक्षित स्मारक'. कट्टा गावाला माहेरी गेले की मी ऐटीत सांगायची, "आमच्या घराक सरकारचा संरक्षण आसा." आई म्हणायची, "मगे दाराक कडी कित्याक घालतंस गो?" मला राग यायचा. पाटी किल्ल्याची आहे, आमची नव्हे, हे तेव्हाच्या मला शहाणीला कोण सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात घराच्या समुद्राकडच्या भिंतीला पोट आलं. सातव्या महिन्यातल्या बाईसारखं. ह्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला. पुरातत्त्व खात्याचे साहेब आले, किल्ल्याच्या तटापासून टेप धरून मोजलं, कोकम सरबत प्यायले.

"आजी, उभी भिंत दुरुस्त करायला परवानगी मिळू शकते. पडली, तर ते नवीन बांधकाम. या हद्दीत नवीन बांधकाम बंद."

"म्हणजे ती पडता कामा नये?"

"परवानगी येईपर्यंत."

"आणि आम्ही हातही लावायचा नाही?"

"परवानगी येईपर्यंत."

मी हसले. हे हसले नाहीत.

ह्यांनी भिंतीला माडाच्या खोडाचा टेकू दिला. पावसाआधी भिंतीवर माडाच्या चुडतांची विणलेली झापं दरवर्षी बांधतोच. यंदा दुहेरी बांधली. सकाळी उठले की तुळशीआधी भिंतीवरून हात फिरवायचे. मी म्हणायची, "माजी अशी चौकशी कदी केलास नाय!"

आषाढात एका दुपारी वारा फिरला. टेकू सरकला तसे हे धावले. मी ओरडले, "अवो, ऱ्हवांद्यात तां!"

"पडली तर संपला गो," म्हणाले आणि खांदा लावला.

भिंत त्यांच्या अंगावरच आली. शेजाऱ्यांनी चिरे उचलून त्यांना बाहेर काढलं. जीव राहिला, कंबर गेली. मुलाने आम्हा दोघांना कुडाळला आपल्या दोन खोल्यांत आणलं. घर तिकडे तीन भिंतींवर उघडं आहे. त्याला हात लावायचा नाही.

गणपतीनंतर परवानगी आली. उभ्या भिंतीच्या दुरुस्तीची.

ह्यांना परवानगीचं सांगितलेलं नाही, भिंत पडल्याचंही. पडताना काय झालं, ते त्यांना आठवत नाही. आपण टेकू सावरताना घसरलो, असं समजतात. रोज विचारतात, "गो, भिंत उबी आसा मा?"

"आसा."

"झापां बांदलंस?"

"बांदलंय."

"घट्ट?"

"घट्ट," मी म्हणते, आणि पाठीला जखमा झाल्यात म्हणून त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवते.