दोन मित्र, दोन इनहेलर

सुहृदहो,

आमच्या पाम गावच्या मंदिरातील सायंकाळचे पोथीवाचन आटोपून नुकताच घरी आलो आहे. दम्यामुळे महिनाभर प्रत्येक ओवीच्या मध्यात थांबावे लागत होते. पोथी आता दुसऱ्याच्या हाती सोपवावी, असे मी मनाशी ठरवलेही होते.

सकाळी बोईसरच्या दवाखान्यात नवापूरचा धर्मा भेटला. साठच्या दशकात मी येथे शिक्षक म्हणून आलो, तेव्हापासूनचा हा मित्र. त्या काळी त्याची आई दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांचा धूर घेत बसे. आता दमा आम्हां दोघांनाही आहे.

डॉक्टरबाईंनी आम्हांला औषध समोर घेऊन दाखवायला सांगितले. माझा इनहेलर पावडरचा. मी प्राणायामातील पूरकासारखा मंद श्वास घेतला. धर्माचा फवाऱ्याचा, त्याने बिडीच्या झुरक्यासारखा जोराने ओढला.

बाई हसल्या. "आजोबा, श्वासांची अदलाबदल करा. पावडर जोरात, खोल ओढायची. फवारा दाबताना श्वास सावकाश आत घ्यायचा. दोघांनीही आधी श्वास पूर्ण सोडा आणि औषध घेतल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखून धरा."

"रोखायचं मास्तरांना नका शिकवू," धर्मा म्हणाला. "जन्मभर नाक धरूनच बसलेत."

कुंभक तेवढा माझा बरोबर निघाला.

आज सायंकाळी एकही ओवी तुटली नाही. पहिल्या रांगेतून उठताना धर्मा म्हणाला, "मास्तर, आज मदी थांबलाच नाय तुमी. डुलकी काढाया सवडच नाय."

आपल्या घरी कोणी इनहेलर घेत असेल, तर तो कसा घेतात, हे आपण कधी समोर बसून पाहिले आहे का?