पस्तीस टक्क्यांवर आई

माझ्या हातून आजवर एकच माणूस मेलं आणि ती म्हणजे माझी आई. आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे आणि तिला रोज संध्याकाळी चहाबरोबर कांदाभजी लागतात.

झालं असं. वडिलांच्या मागे आईला पेन्शन मिळतं आणि त्यासाठी वर्षातून एकदा ती जिवंत आहे हे बँकेला दाखवावं लागतं. हयातीचा दाखला. एरवी आम्ही करी रोडच्या आमच्या इमारतीतून खाली उतरतो, रस्ता ओलांडतो, आई बँकेत अंगठा लावते, तिथल्या साहेबांना मुलांच्या लग्नाचं विचारते आणि आम्ही परत येतो. वीस मिनिटांचं काम. (त्यातली पंधरा मुलांच्या लग्नाची.) पण यंदा बँकेचा मेसेज आला, हे काम आता घरबसल्या व्हिडिओ कॉलवरही होईल. 'घरबसल्या' हा शब्द वाचला की माझा विवेक सुटतो.

"मग फोनवरून कर," बायको म्हणाली.

"वैशाली, सरकारी काम आहे ते. फोनवर आईचा चेहरा सुपारीएवढा दिसेल. कॉम्प्युटरवर करू. मोठा स्क्रीन!"

"मोठ्या स्क्रीनवर साहेब मोठा दिसेल. आई तेवढ्याच दिसतील."

असल्या किरकोळ शंकांकडे मी लक्ष देत नाही.

आमचा कॉम्प्युटर आम्ही मुलगी चौथीत असताना घेतला. मुलगी आता बंगळुरूला नोकरी करते. कॉम्प्युटर अजून चौथीतच आहे. तरी बुधवारी अकराची वेळ घेतली, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि सकाळी आठ वाजता तो चालू केला. पडद्यावर अक्षरं आली, 'आपला संगणक अद्ययावत करण्यास तयार आहे.' (मी सगळं मराठीत करून ठेवलंय. भाषेचा अभिमान! त्यातलं निम्मं मला कळत नाही, तो भाग वेगळा.)

"दाबू नकोस," वैशाली दारातून चपला घालता घालता म्हणाली.

"अगं, दोन मिनिटं!"

तिच्या पाठीमागे दार बंद झालं आणि मी दाबलं.

नऊ वाजता पडद्यावर पस्तीस टक्के होते. साडेनऊलाही पस्तीसच. आई मात्र हिरवी साडी, कपाळाला कुंकू, गालांना पावडर अशी तयार होऊन केव्हापासून कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसली होती.

"बँकवाले दिसतत काय रे?"

"अजून नाही, आये."

"मग मी तेंका दिसतंय?"

"नाही."

"मग मी मगासपासून हसतंय कित्याक?"

मी मनाचा हिय्या करून बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला. 'काहीतरी चुकले. बदल मागे घेत आहोत.' बदल शंभर टक्के मागे गेले. हुश्श म्हणतो तोच त्याने आपण होऊन पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा पस्तीसवर येऊन बसला! तिसऱ्यांदा मधल्यामध्ये कसाबसा आत शिरलो, तर 'जागा अपुरी.' करी रोडला राहून हा मला जागा अपुरी सांगतो! चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं आणि एक पाहुणा असे राहिलोय. (पाहुणा बदलायचा, पण असायचाच.) तरी पण लोकांनी पाठवलेले सुप्रभातचे सगळे सूर्योदय पुसले, गुलाब पुसले. पुन्हा पस्तीस.

"पस्तीस म्हणजे पास झालो ना?" आई म्हणाली. "मग वर कशाक चढवतंस?"

शेवटी शेजारच्या पेडणेकर काकांना बोलावलं. काकांनी हयातभर रे रोडच्या बाजूला गोदीत क्रेन चालवली. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध शून्य, पण आत्मविश्वास दहा टनांचा.

"मशीन ती मशीन," काका म्हणाले. "क्रेन काय नि ही काय! आधी हिला उसंत दे." आणि त्यांनी तिला दोन सणसणीत थपडा दिल्या. आतून घरघर आली आणि सगळं थंड! "एका बोर्डावर एकच मशीन चालते. बाकीच्या वायरी काढ." मी सगळ्या काढल्या, त्यात माझ्या फोनचा चार्जरही गेला. फोनमध्ये चार टक्के बॅटरी उरली होती.

त्या चार टक्क्यांत माझी बहीण नंदाताई हिचा काळाचौकीहून फोन आला.

"काय रे संज्या, झालं का आयेचं?"

तिने विचारलं आईच्या दाखल्याबद्दल. माझ्या डोक्यात फक्त मशीन. आणि मराठीत आई 'ती' आणि मशीनही 'ती'च!

"कसलं होतंय! सकाळपासून अडकलीय. काही हालचालच नाही."

"काय सांगतोस! हलवून बघितलंस?"

"हलवली, थोपटली. पेडणेकर काकांनी दोन थपडाही दिल्या."

"थपडा? अरे, शुद्ध आहे का?"

"मगाशी एकदा घरघर लागली. मग गारच पडली."

"देवा! डॉक्टरला बोलावलंस?"

"डॉक्टर कशाला? काका बघतायत ना! ते म्हणतात, वय झालं, आता किती ओढायचं? मलाही पटलं. त्यापेक्षा नवीन आणू."

"नवीन?" ताई किंचाळली आणि माझा फोन बंद पडला.

काही फार विचित्र बोलणं झालंय असं मला वाटलंच नाही. मी पुन्हा कामाला लागलो. काकांच्या सूचनेनुसार मशीन टेबलावरून उतरवली, जमिनीवर चटई टाकून तिच्यावर आडवी निजवली आणि बाजूचं झाकण काढलं. आत धुळीची गोधडी! "कापूस आण," काका म्हणाले. मी कापूस आणला. आईने देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून मशीनच्या उशाशी लावली. "देवा म्हाराजा, वायच अकल दी," ती म्हणाली. (मशीनला की मला, ते तिने देवाला बरोबर कळेल असं मोघम ठेवलं.) मग काका घरी ब्लोअर शोधायला गेले. शेजारच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ खिडकीतून आत येत होती, म्हणून मी उघड्या मशीनवर स्वच्छ पांढरी चादर घातली आणि आतल्या वायरी तपासायला चादरीखाली डोकं खुपसलं.

"मी वायच खाली जावन येतंय," आईचा आवाज आला.

"हं," मी चादरीतून म्हणालो.

थोड्या वेळाने कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. डोकं बाहेर काढलं, तर नंदाताईचे यजमान, आमचे भावोजी! ताईने त्यांना मोटरसायकलवरून पुढे पाठवलं होतं. त्यांनी चटई पाहिली, चादर पाहिली, उदबत्ती पाहिली, कापूस पाहिला आणि टोपी काढली.

"धीर धर, संजय. कधी गेली?"

"मघाशीच. अकराला कॉल होता हो. तेवढा वेळही थांबली नाही."

"वेळ कोणाच्या हातात असते? पुढचं काय ठरवलंयस? आमच्या मंडळातली माणसं सामान घेऊन निघालीत."

"सामान कशाला? घाई नको. काका ब्लोअर मारून बघणार आहेत. आणि नाहीच झालं काही, तर खाली भंगारवाला आहे. त्याला देऊन टाकू."

भावोजी खुर्चीवर बसले. बसले म्हणजे कोसळले. मग अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "संजय, तू पाणी पी."

तेवढ्यात लिफ्टमधून हंबरडा ऐकू आला. नंदाताई! तिच्या मागे आमच्या मजल्यावरच्या बायका, त्यांच्या मागे खालच्या मजल्यावरच्या, सगळ्यात मागे वॉचमन आणि वॉचमनच्या मागे ब्लोअर घेऊन पेडणेकर काका. ताईने धावत येऊन चादरीवर अंग टाकलं.

"आयेऽऽ! अगं, मला न भेटता कशी—" आणि ती थांबली. चादर चाचपली. पुन्हा चाचपली. "संज्या, ही इतकी चौकोनी कशी?"

"अगं, सगळ्यांच्या चौकोनीच असतात!"

"आणि टोचते कशाने?"

"झाकण काढलंय ना!"

भावोजींनी दोन बोटांनी चादरीचं टोक उचललं. वीस-बावीस माणसं पुढे वाकली. पाहतात तो आतमध्ये धूळ, वायरी आणि एक मेलेलं झुरळ!

"आये कुठे आहे?" ताईने माझी गचांडी धरली.

आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की आई खुर्चीत नाही. कधी गेली? कुठे गेली? मी तिला 'हं' म्हणालो होतो, पण कशाला, ते आठवेना. "आये!" असं मी जे ओरडलो, ते त्या सकाळचं घरातलं पहिलं खरं रडणं होतं.

"मेल्या, बोंब कित्याक मारतंस?" दारातल्या गर्दीतून आवाज आला. गर्दी बाजूला झाली. हिरवी साडी, पावडर, हातात कागद. "कोण गेला?"

"आये, तू!" ताई म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

"मी बँकेत गेल्लंय," आई म्हणाली. "जित्या माणसाक बघूक मशीन कशाक व्हयी? सायबान बघितल्यान, अंगठो घेतल्यान, झाला." मग तिने गर्दीवरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा खुलला. "माझ्यासाठी इलेत सगळे? कोण कोण रडला?"

त्यानंतरचा अर्धा तास आईने आयुष्यातला सर्वांत सुखाचा घालवला. ती खुर्चीत बसली आणि ताई एकेकाचं नाव सांगत गेली. ज्या डोंबिवलीच्या पुतण्याशी आईचं काही वर्षं बोलणं नव्हतं, तो म्हणे फोनवर सगळ्यात जास्त रडला आणि रडत रडतच निघालाय. "येऊ दी," आई डोळे पुसत म्हणाली. "इले तर जेवान जातीत." आणि मला पिशवी देऊन बोंबील आणायला पिटाळलं.

परत आलो, तर घरात टाळ्या चालल्या होत्या. काकांनी धूळ उडवली होती, मागे कोणीतरी खोचून ठेवलेला भजनांचा पेनड्राइव्ह उपसून काढला होता आणि माझ्या आईच्या अंत्ययात्रेला जमलेली माणसं चटईभोवती बसून पडद्याकडे बघत होती. छत्तीस टक्के झाले होते! सदतीसला मंडळाच्या पोरांनी शिट्टी मारली. दुपारी पुतण्याच्या पानात बोंबलाची तिसरी तुकडी पडत असताना मशीन सुरू झाली. पडद्यावर लिहिलं होतं, 'आपल्या प्रतीक्षेबद्दल आभार.' आईने मान डोलावून ते स्वीकारले.

या प्रकरणाने कोणाचं काही बिघडलं नाही. आईचा दाखला झाला, पुतण्या पुन्हा येऊ-जाऊ लागला, काकांकडे तीन मजल्यांवरचे कॉम्प्युटर थपडा खायला येतात. मला मात्र आता फोनवर कोणी काही सांगू देत नाही. परवा मला ताप होता. रजेसाठी ऑफिसात फोन केला. साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. आता जरा आईंना फोन द्या."

मी चौपन्न वर्षांचा आहे. दिला.