वहिनीचा लोबान्या

वहिनी एकटी असली की दोन आवाजांत बोलायची. एक तिचा स्वतःचा, बारीक आणि घाईचा. दुसरा जाड, घोगरा, झोपेतून उठवल्यामुळे चिडलेल्या म्हाताऱ्याचा. लग्न होऊन ती आमच्या नांदेडच्या घरी आली, त्याच आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून तो घोगरा आवाज आला, "सोड की मला, बाई. मान दुखून राहिली माझी." बाबा अंगणात दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते काठी घेऊन आत धावले. आत वहिनी एकटीच होती, हातात राखेनं घासलेला तांब्या. ती लाजून म्हणाली, "कुणी न्हाई, बाबा. लोबान्या हाय."

आमची आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरात बाबा, दादा आणि मी. तिघंही कामापुरतं बोलायचो. त्या सकाळी बाबा काठी टेकवून दारातच उभे राहिले आणि पोट धरून हसले. मी बाथरूममधून बाहेर आले ती त्यांचं हसणं ऐकून. तो आवाज मी विसरलेच होते.

वहिनी कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर शिक्षिका होती. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी धुळीनं भरून परत यायची. दुपारी खिचडी खाऊन झाली की मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची आणि ती त्यांना लोबान्याची गोष्ट सांगायची. बसमध्ये पुढचा भाग रचायचा, स्वयंपाक करताना त्याचे संवाद म्हणून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना ऐकवायचे, असा तिचा क्रम. मुलं जिथं हसली नाहीत तो भाग ती निर्दयपणे काढून टाकायची. "लेकरू जांभई द्यायलं की समजायचं, आपण शहाणपणा शिकवून राहिलो," असं ती म्हणायची.

गोष्ट अशी होती. कंधारच्या किल्ल्यात मांत्रिकांची एक गुप्त शाळा असते. तिथले गुरुजी मोठमोठे फेटे बांधतात, शुद्ध पुस्तकी भाषेत मंत्र म्हणतात, आणि त्यांच्या मंत्रानं कधीच काही होत नाही. त्या शाळेत कौशी नावाची एक पोरगी कशीबशी शिरते. सगळे गुरुजी मिळून खंदकातल्या जुन्या जिनाला 'प्रकट हो, प्रकट हो' म्हणून बोलावत असतात, आणि तो येत नाही. शेवटी उन्हात उभी राहून वैतागलेली कौशी ओरडते, "आरं ये की! किती वाट बघायची?" आणि लोबानाच्या धुरातून तो बाहेर येतो. डोळे पुसत म्हणतो, "इतक्या आपुलकीनं मला आजवर कुणी बोलावलं न्हाई." तोच लोबान्या. डोंगर उचलू शकतो, पण उचलत नाही, कारण कंबर धरते. कुत्र्यांना भितो. बसच्या कंडक्टरला त्याहून भितो. कौशीनं गणिताचा पेपर सोडवायला सांगितला तर तिच्यापेक्षा कमी मार्क पाडतो आणि वर म्हणतो, "आमच्या काळी शून्य नव्हतं."

घरात आजारपण असो की परीक्षा, वहिनीचा एक ठरलेला सल्ला होता. "भीती वाटली ना, की तिला आधी चहा इचारायचा. मग ती पाहुणी बनती. पाहुण्याला कोण भितं?" बी.एस्सी.च्या पहिल्या तोंडी परीक्षेला जाताना माझे हात गार पडले होते. वहिनीनं मला पाटावर बसवलं, समोर दुसरा रिकामा पाट मांडला आणि त्या पाटासमोर खरोखर चहाचा कप ठेवला. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "साखर कमी हाय." मी हसत घराबाहेर पडले.

बाबांना वहिनी आवडायची, पण लोबान्या आवडत नव्हता. आमचं घर बौद्ध. बाबांनी आयुष्यभर वस्तीत फिरून लोकांच्या दंडावरचे गंडेदोरे सोडवले होते. वहिनी ही गोष्ट पुस्तकरूपात आणायचं म्हणतेय, हे कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "सूनबाई, आपण भुताखेतांतून बाहेर आलेली माणसं. आता आपल्याच घरातून जिनाचं पुस्तक निघणार?"

वहिनीनं ताटातला हात आखडला. मग पहिल्यांदा तिनं आम्हाला तिच्या चंद्रा मावशीबद्दल सांगितलं.

तिचं माहेर देगलूरकडचं. तिच्या आईची धाकटी बहीण चंद्रा, विधवा, शेजारच्याच घरात एकटी राहायची. वहिनी लहान असताना गावात कुणाच्या तरी घरावर दगड पडायला लागले, कुणाचं वाळत घातलेलं लुगडं जळालं, एक लेकरू तापानं गेलं. लोक म्हणाले, भानामती. आणि भानामती करणारी कोण, तर एकटी राहणारी बाई. चावडीसमोर तिला उभं केलं. वहिनीनं ते दाराच्या फटीतून पाहिलं होतं. मावशी सगळ्यांकडं पाहून एकच विचारत होती, "मी काय केलं ते तरी सांगा." कुणी काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत ती गाठोडं घेऊन तेलंगणाच्या बाजूला चालायला लागली. तिकडंच कुठल्या तरी गावात ती वारली, हे घरी फार उशिरा कळलं.

"बाबा, तुम्ही म्हणता भूत नसतं. खरं हाय," वहिनी म्हणाली. "पण भ्यालेल्या माणसाला नुसतं 'नसतं' म्हणून भागत न्हाई. तो मान हलवतो आन् घरी जाऊन लिंबू कापतो. त्याला एकदा पोटभर हसवावं लागतं. माझ्या शाळेतली पोरं आता भानामतीचं नाव काढलं की हसतेत. ती मोठी झाल्यावर कुणा बाईला चावडीवर उभी करतील का?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग खाली मान घालून म्हणाले, "त्या गणिताच्या पेपराचं पुढं काय झालं?"

पुस्तक लातूरच्या एका छोट्या प्रकाशकानं काढलं. प्रतींचे गठ्ठे बसच्या टपावरून आले, आणि ते उतरवायला बाबा स्वतः स्टँडवर गेले. रिक्षात एक गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. पुढची दोन-तीन वर्षं वहिनीला शाळाशाळांतून बोलावणी येत राहिली. ती जायची, लोबान्याच्या आवाजात बोलायची, पोरं बाकांवरून खाली पडायची. उदगीरच्या एका शाळेत एका मुलीनं उठून विचारलं, "बाई, लोबान्या खरा हाय का?" वहिनी म्हणाली, "न्हाई गं. म्हणून तर तो इतका चांगला हाय."

मग तिला थकवा यायला लागला. आधी आम्हाला वाटलं, प्रवासानं. अंगावर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं. तपासण्यांत रक्ताचा कर्करोग निघाला. दादा तिला हैदराबादला नेऊन आणायचा. परतीच्या गाडीत ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची आणि घरी आल्यावर मला सांगायची, "तुझा दादा रस्ताभर हलला न्हाई. त्याचा हात मुंग्या येऊन मेला आसंल." केस गेले तेव्हा तिनं डोक्याला माझी ओढणी फेट्यासारखी बांधली आणि आरशात पाहून म्हणाली, "झाले मी गुरुजी. आता माझाबी मंत्र चालायचा न्हाई."

त्याच सुमारास तिच्या माहेरी बोललं जाऊ लागलं. जिनाची टिंगल केली, त्यानं धरलं. ज्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं ते हे सांगत होते. एक दिवस तिची आई देगलूरहून आली. हातात कुणा भगतानं दिलेला काळा दोरा. ती वहिनीच्या उशाशी बसली आणि रडत म्हणाली, "दोरा बांध. आन् घरात जितकी पुस्तकं हायेत ती सगळी जाळ. भगतानं सांगितलंय, पुस्तकं जळाली की जिन तुला सोडंल."

बाबा ताडकन उठले. "आमच्या घरात दोरा चालायचा नाही." वहिनीची आईही उठली. "तुमचं काय जातंय? लेक माझी मरून राहिली!" मी मध्ये उभी राहिले. वहिनीनं हात वर केला. बोलायला तिला दम लागत होता.

"आई, जाळ. मी न्हाई म्हणत न्हाई. पण आधी त्यातलं थोडं ऐक. तू कधी ऐकलंच न्हाईस." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सुमे, तू वाच. चावडीचा भाग."

वहिनीच्या आईला वाचता येत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली, दोरा मुठीत. मी वाचायला लागले. गावात दगड पडतात, सगळे मिळून एका एकट्या बाईला चावडीवर आणतात, फेटेवाले गुरुजी निवाडा करायला बसतात. कौशी साक्षीदार म्हणून लोबान्याला बोलावते. तो येतो, आल्या आल्या कुत्रं पाहून खांबावर चढतो. इथं वहिनीच्या आईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला. मी पुढं वाचलं. खांबावरूनच लोबान्या म्हणतो, "मी ह्या मुलखातला सगळ्यात जुना जिन. आम्हाला कोण बोलावतं ते मला ठाऊक न्हाई तर कुणाला? ह्या बाईनं आम्हाला कधी हाक मारली न्हाई. हिला दुसऱ्याच्या रानात खुरपण करून दोन भाकरी थापायला दिवस पुरत न्हाई. दगडं टाकणारी समदी माणसंच हायेत. नावं सांगू का?" आणि चावडीवरची सगळी माणसं आपापल्या पायांकडं बघायला लागतात. मग लोबान्या खाली उतरतो, त्या बाईचं गाठोडं स्वतःच्या दुखऱ्या कमरेवर घेतो आणि तिला तिच्या घरापर्यंत सोडून येतो.

मी थांबले. वहिनीच्या आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"ही चंद्री हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाव, आई."

"तिला घरी आणली तू."

"पुस्तकात आणली. तेवढंच जमलं."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "त्या दिशी ती माझ्या दारावरून गेली. पाणी मागितलं तिनं. मी कडी काढली न्हाई. मला वाटलं, मलाबी म्हणतील." वहिनीनं हात पुढं केला. आईनं तो धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. बाबा हळूच बाहेर अंगणात गेले. काळा दोरा संध्याकाळी केर काढताना मला कोपऱ्यात सापडला. पुस्तकं जाळायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. वहिनीची आई मात्र परत गेली नाही. शेवटपर्यंत वहिनीजवळ राहिली, आणि रोज दुपारी माझ्याकडून एकेक भाग ऐकत गेली.

वहिनी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली. सकाळी तिनं आईच्या हातून दोन चमचे पेज घेतली होती. मला म्हणाली, "सुमे, पोरांना सांग, बाईंना बरं वाटलं की..." आणि तिथंच थांबली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. दुपारी दादा तिचे पाय चेपत असताना तिचा श्वास थांबला. त्याला ते लगेच कळलं नाही. तो चेपत राहिला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिच्या शाळेतली मुलं आली. एवढी मुलं असून अंगणात आवाज नव्हता. बाबा त्यांच्याशी दोन शब्द बोलायला म्हणून उभे राहिले. मग त्यांनी नुसताच प्रत्येक मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले.

दादानं ते पुस्तक कधीच वाचलं नव्हतं. तो वाचणारा माणूस नाही. वीज मंडळातलं काम, खांब आणि तारा, घरी आला की झोप. त्यावरून वहिनी त्याला चिडवायची, आणि तो "वाचतो, वाचतो" म्हणायचा. ती गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी, मी भाकरी करत होते. दादा बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसला होता. मी मुद्दाम तिकडं पाहिलं नाही. पानं उलटल्याचा आवाज येत होता. अचानक तो मोठ्यानं हसला, अगदी खदखदून. आणि हसता हसताच त्यानं स्वयंपाकघराकडं पाहून हाक मारली, "अगं, हे कंडक्टरचं कवा लिवलंस?"

तव्यावर भाकरी फुगत होती. मी ओ दिली नाही. बाहेर पुढचं पान बराच वेळ उलटलं नाही.