क्षयाच्या तिकिटाने पाडलेले माझे दोन दात

माझे पुढचे दोन दात वळसंगच्या एका गृहस्थांनी पाडले. पण खरा दोष तिकिटाचा. म्हणजे ते चिकटवणाऱ्याचा, म्हणजे माझाच.

मी गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. क्षयरोगाविरुद्धच्या कामासाठी निघालेली तिकिटं साहेबांनी आम्हा सगळ्यांच्या गळ्यात मारली. टपालाला ती चालत नसत. खऱ्या तिकिटाशेजारी नुसती चिकटवायची. वर तांबडा क्रूस, खाली ‘क्षय टाळा’. त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचं लग्न वळसंगला जमत आलं होतं. आमच्या होकाराचं पत्र धाडताना मी पाकिटाच्या चार कोपऱ्यांत चार तिकिटं लावली. काय झकास दिसलं!

प्लेगात आजारी घराच्या दारावर तांबडी खूण करीत, हे मी साफ विसरलो. वळसंगकर विसरले नव्हते.

चौथ्या दिवशी नवऱ्यामुलाचे चुलते काठी घेऊनच दारात उभे. मागे दोन दांडगे पुतणे.

“क्षयाची पोरगी आमच्या घरात ढकलताय व्हय?”

“काका, ती तिकिटं नुसती शोभेला...”

“थांब, तुजीच शोभा करतो!”

पहिला ठोसा तोंडावर. दात जिभेवर आले. मी शौर्याने माजघरात पळालो. पुतण्यांनी तंगडी धरून मला बाहेर ओढलं आणि उंबऱ्यावर आपटलं. मग काठी पाठीत, खांद्यावर, नडगीवर. आई मध्ये पडली, तर तिला असं ढकललं की चौकटीवर कपाळ फुटलं.

आईचं रक्त बघून बहीण कांडण सोडून उठली. मुसळ मात्र हातातच होतं. पहिला घाव काकांच्या मनगटावर. काठी रस्त्यात गेली. दुसरा गुडघ्यावर, काका पायरीवर. पुतण्यांनी तिसऱ्याची वाट बघितली नाही.

“क्षय कुणाला झालाय? बोला की!” तिला धापसुद्धा लागली नव्हती.

काकांनी गुडघा धरून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“न्हाय बा,” ते कण्हत म्हणाले, “पोरीचा दम लई पक्का हाय. मला आदी दवाखान्यात न्या, मग तारीख काढा.”

लग्नपत्रिकांच्या पाकिटांना आईने हळदकुंकू लावलं, तेव्हा तिच्या कपाळाला अजून पट्टी होती. पाकिटं बहिणीने बंद केली. मी मदतीला सरकलो, तशी आईने डिंकाची बाटली उचलून पदराखाली घेतली.