दादांची मिशी आन आक्काची तिथी

महाराजांच्या राज्यात आमच्या गल्लीला दोनच नाद हुते, कुस्ती आन सोंगं. दसरा झाला की तालमीम्होरं मांडव पडायचा. सकाळी लेझीम, दुपारी कुस्त्या, ऊन कललं की सोंगांचा खेळ. बायकांची सोंगंबी पुरुषच घ्यायचं. आमचं दादा, म्हंजी वडील, दरसाल रावण करायचं. त्यांची मिशीच अशी हुती की बाकीचं सोंग नसतं तरी चाललं असतं.

त्या साली कैकयी करणारा गडी ऐन खेळादिवशी तापानं पडला. तालमीच्या वस्तादांनी कैकयी दादांच्या गळ्यात घातली. आधी मिशी तशीच ठिवून वर पीठ चोपडून बगितलं. आरशात बगून दादाच म्हणलं, "ही राणी दही खाऊन आलीया." मग न्हावी बोलावला.

आता, आमच्यात मिशी काढत्यात ती बाप मेल्यावर. आन दादांचा बाप, आमचं आबा, तिथंच बसून भजी खात हुतं.

"आबा, काढू का?"

"काढ की. माझी काय अडचण न्हाय."

भजी सपली तसं आबा कुस्त्या बगाय गेलं.

त्याच दिवशी गारगोटीचं पावणं, म्हंजी नवऱ्या मुलाचं आई-बा, येणार हुतं, माझ्या थोरल्या भनीच्या, आक्काच्या, लग्नाची तिथी धराय. आक्काची आधी एक सोयरीक मोडल्याली. ही मोडली तर तिसरी कोण आणणार, असं आई दिवसातनं चारदा म्हणायची. पण मिशीचा इचार आईच्याबी डोस्क्यात आला न्हाय.

पावणं मांडवाम्होरंच गाडीतनं उतरलं. दादांच्या ओठाकडं बगितलं. डोक्याला पटका हुता, त्यामुळं खाली केस हाईत का न्हाईत ते कळायला मार्ग न्हवता. पावण्यांनी आपलं पागोटं काढून मांडीवर घेतलं आन भुईवर बसलं. त्यांची बायको आईच्या गळ्यात पडून रडाय लागली. आईला कारण ठावं न्हवतं, पण कुणी गळ्यात पडलं की आई मागं ऱ्हात न्हाय. तीबी रडली.

"लई चांगला म्हातारा," पावणं म्हणलं. "कवा झालं?"

मी म्हणलो, "पावणं, आबा जित्तं हाईत."

"असंच वाटतंय, पोरा. माझा बा गेला तवा मलाबी वरीसभर असंच वाटायचं."

दादा गडबडीनं म्हणलं, "अवो, सोंगासाठी काढलीया. मला कैकयी करायची हाय."

पावणं बसल्या जागीच मागं सरकलं. "बाप गेलाय आन तुमी सोंग घेताय?"

मग उठलं, पागोटं घातलं. "औंदा लगीन नको. वरीस जाऊ दे. म्होरलं म्होरं बगू."

आक्का मांडवाच्या खांबाआड उभी हुती. तिचं तोंड बगून मी आबांना आणाय कुस्त्यांकडं पळालो.

आबा पैल्या रांगंत बसलतं.

"आबा, चला. तुमी मेलाय."

"कुस्ती निकाली हू दे."

"पावणं बैल जुंपाय लागल्यात!"

"त्यो खालचा गडी बग. आत्ता उठंल."

खालचा उठंना, वरचा सोडंना. मी एकटाच माघारी आलो.

मला गल्लीतल्या सगळ्यांचं आवाज काढाय यायचं. शाळंत मास्तरांचा काढून मार खाल्लता. आबांचा तर खोकल्यासकट यायचा. गाडीमागं बसलो, खोकलो आन म्हणलो, "पावणं, जेवल्याबिगर चालला व्हय?"

पावणीनं पदर तोंडात धरला. "आगं बाई! कावळा शिवला न्हाय म्हाताऱ्याला."

बैल इतक्या बिगीनं जुंपता येत्यात, हे मी त्या दिवशी पैल्यांदा बगितलं.

गाडी वळवत्यात तवर आबा आलं. कुस्ती बरोबरीत सुटलीती, त्यामुळं वैतागल्यालं. डोक्यावर तांबडी माती. थेट बैलांम्होरं उबं ऱ्हायलं. "कोण मेलं म्हणं?"

पावण्यांनी आधी त्यांचं पाय बगितलं. सरळ हुतं. मग खाली उतरून हात दाबून बगितला. ऊन हुता. मग मातूर पावणं तापलं.

"बाप जित्ता असताना मिशी काढली?"

"म्या काढ म्हणलो. जीव माझा, मिशी त्येची. तुमचं काय गेलं?"

पावण्यांनी इचार केला. "माझं काय न्हाय. पण लग्नाला आमचं सगळं गाव यील. व्याही असा दिसला तर माणसं आधी रडाय बसतील, मग जेवाय. अन्न निवतंय. मिशी आली की तिथी धरू."

"तिथी आज धरायची," आबा म्हणलं. "मिशी तवर यील. न्हाय आली तर म्या मांडवाच्या दारात उबा ऱ्हातो. येणाऱ्या दर माणसाला हात दाबून बगू द्या."

पावणीला हसू आलं, मग पावण्यांनाबी आवरंना. मार्गशीर्षातली तिथी धरली. दादांनी कैकयी केली. पावणं शेवटपातुर बसलं. पावणी एवढंच म्हणली, "बाई चांगली हाय, आवाज तेवढा मोठा हाय."

आक्का दादांसमोर कधी तोंड उघडायची न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा भाकरीला बसलं, तर तिनं ताटाशेजारी एरंडेलाची वाटी ठिवली आन उबीच ऱ्हायली. दादांनी वाटीकडं बगितलं, तिच्याकडं बगितलं, बोट बुडवलं, ओठावर फिरवलं.

"आजून वाईच लावा," आक्का म्हणली.